पाय न टेकवणारे भाटवे

देवानं माणसाला पाय दिले ते चालण्यासाठी, अशी सगळ्या जगाची समजूत आहे. ते पायडल मारण्यासाठी दिले, आणि तेही चढावर, असं मनापासून मानणारा वऱ्हाडात एकच माणूस होऊन गेला आणि तो नेमका आमच्या घराण्याच्या वाट्याला आला. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. हे आमचे भाटवे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहायचे अकोल्याला आणि आम्ही अमरावतीला. अकोला-अमरावतीचा मुलूख ज्यानं पाहिला असेल त्याला यातली गंमत लगेच कळेल. काळी माती, पऱ्हाटी, तूर, ज्वारी आणि हे सगळं पोळपाटासारखं सपाट. बडनेऱ्याला रेल्वेच्या पुलावर चढलं तरी आमच्या माणसाला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटतं आणि तो वर कठड्याला टेकून दोन मिनिटं दम खातो. असल्या मुलखात जन्म घेऊन ज्याला सायकलनं डोंगर चढायचं वेड लागतं, त्याचे ग्रह तरी वाकडे असले पाहिजेत किंवा डोकं तरी. माझी माय पहिल्या मताची होती आणि बाबा दुसऱ्या. पण जावई समोर आला की दोघंही गप्प बसत, कारण आमच्याकडे जावयाला नाही म्हणायची रीत नाही. जावयानं चांदणं मागितलं तर सासऱ्यानं निदान अंगणात खाट टाकून द्यायची असते.

भाटवे कापसातली सरकी काढायच्या एका जिनात फिटर होते. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचा हंगाम चाले. तेवढे महिने ते माणसांत असत. होळी झाली, जिनाचे पट्टे थांबले, की त्यांच्या अंगात सायकल संचारे. ही सायकल काळी, बावीस इंची आणि इंग्रज गेले तेव्हा त्यांनी मुद्दाम मागे ठेवली असावी इतकी जुनी होती. डोंगरासाठी सायकल हलकी पाहिजे, हे त्यांचं पहिलं तत्त्व. त्या तत्त्वापायी त्यांनी मडगार्ड काढले, चेनचं झाकण काढलं, स्टँड काढलं, दिवा काढला, घंटी काढली. मग त्या हलक्या झालेल्या सायकलला त्यांनी पाण्यानं भरलेली कॅनव्हासची छागल टांगली, हवेचा पंप बांधला, पान्ह्यांची पिशवी अडकवली, गुळाचा खडा, फुटाणे, ऊन लागू नये म्हणून चार कांदे आणि वेळ पडली तर पांघरायला एक घोंगडी लादली. एकदा अमरावतीच्या चौकात शिपायानं त्यांना अडवलं. "घंटी काहून नाई सायकलले?" भाटवे म्हणाले, "मी हाये न जी," आणि लगेच अशी आरोळी ठोकली की समोरच्या टांग्याचा घोडा दोन पावलं मागे सरकला. शिपायानं त्यांना जाऊ दिलं. ही घंटी जप्त करायची सोय कायद्यात नव्हती.

मागचं चक्र त्यांनी जिनाच्या लेथवर स्वतः कातलं होतं. चढावर जोर कमी लागावा म्हणून ते इतकं मोठं केलं होतं की त्यावर भाकर थापता आली असती. चढाचं काय व्हायचं ते होवो, पण आमच्या सपाट रस्त्यावर त्याचा परिणाम असा होई की भाटव्यांचे पाय शिवणाच्या मशीनसारखे भरभर फिरत आणि सायकल मात्र जागची हलल्यासारखी वाटत नसे. शुक्रवारच्या बाजाराला निघालेल्या बाया डोक्यावर टोपली घेऊन, गप्पा मारत त्यांच्या पुढे निघून जात. भाटवे मागून घाम पुसत येत आणि वर त्या बायांनाच सांगत, "दम नाकानं घ्या बाई, नाकानं. तोंड उघडलं का दम पयते." अंगात खाकी अर्धी चड्डी. जावई सासुरवाडीला धोतर-कोटात येतो, हातात काहीतरी पुडकं असतं; आमचा जावई दारात उभा राही तो चड्डीत, हातात तेलाचा डबा घेऊन, आणि माय पदर पुढे ओढून स्वयंपाकघरात पळे.

सल्ला देणं हा त्यांचा दुसरा व्यवसाय होता आणि पहिल्यापेक्षा तो जोरात चाले. कुणी विचारायची गरज नसे. समोरच्याला दोन पाय आहेत एवढं त्यांना पुरे. "चढाले पाह्यचं नाई," ते सांगत. "चढ कुत्र्यावानी असते. डोयात पाह्यलं का अंगावर येते. आपलं पुढच्या चाकाकडं पाह्यचं अन् चालू पडायचं." किंवा, "आंग ढिल्लं, मूठ ढिल्ली, इचार ढिल्ला." यातलं तिसरं त्यांना मुद्दाम साधावं लागत नसे, असं बाबा हळूच म्हणत. आमच्या शेजारी एक दम्याचे म्हातारे होते. त्यांना पाहायला म्हणून भाटवे गेले आणि पाऊण तास उशाशी बसून, घाटात श्वास कसा घ्यावा हे समजावून आले. "एक डाव माह्यासंगं घाटात चला, दमा खालीच राहून जाईन," असं ते म्हणाले तेव्हा म्हाताऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचा सगळ्यात आवडता मंत्र मात्र हा : "भूक लागाच्या आधी खाय, तहान लागाच्या आधी पे." हा मंत्र त्यांनी मला निदान शंभरदा सांगितला असेल आणि मी निदान शंभरदा त्याची नक्कल करून घरच्यांना हसवलं आहे.

शोधही ते लावत. आमच्या शेतवाटा म्हणजे बाभळीच्या काट्यांचं आगर. कोसभर गेलं की चाकातून हवा गेलीच. भाटव्यांनी विचार केला, हवाच नसेल तर जाईल कुठून? जिनात सरकीचे ढीग पडलेले असतात. त्यांनी दोन्ही चाकांतल्या ट्यूबा काढल्या आणि टायरांत ठासून सरकी भरली. मग हा शोध जगाला दाखवायला ते अकोल्याहून बाळापूरला निघाले, कारण तिथल्या किल्ल्याच्या दरवाजाला चांगला चढ आहे आणि आमच्या भागात चढ जिथे असेल तिथे भाटव्यांना नातेवाईक भेटल्यासारखं होई. काटे हजार लागले, एकही बाधला नाही. पण बाळापूरच्या अलीकडे नदीचं पाणी होतं, त्यातून त्यांनी ऐटीत सायकल घातली. सरकी भिजली. भिजली की ती फुगते, हे गुरं पाळणाऱ्या कुठल्याही बाईनं त्यांना सांगितलं असतं. बाजारात शिरेपर्यंत मागचं टायर फुगून उललं आणि भाटव्यांच्या मागे रस्त्यावर सरकीची बारीक धार लागली. आधी एका म्हशीला वास आला. मग तिच्यामागे दुसरी आली. ऐन बाजारात पुढे भाटवे, मागे चार म्हशी, त्यांच्यामागे म्हशींचे धनी, असा तो जथा निघाला आणि किल्ल्याच्या चढावर भाटवे जरा हळू झाले तेव्हा पुढच्या म्हशीनं मागचं चाक सरळ चाटायलाच घेतलं. मी नंतर त्यांना विचारलं, "मग भाऊजी, काय शिकलात?" ते गंभीरपणे म्हणाले, "सरकी भाजून भराले पायजे होती."

उतारासाठीही त्यांचं शास्त्र होतं. ब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता. घाट उतरायचा झाला की ते रस्त्याकडेची वाळलेली, चांगली पुरुषभर लांबीची फांदी दोरानं सीटच्या खाली बांधत आणि ती फरफटत खाली येत. सायकल खरोखरच आवरली जाई, हे मान्य करायला हवं. पण मागे जो धुरळा उठे त्यात एखादी मोटार सापडली तर आतली माणसं परतवाड्याला उतरताना एकमेकांना ओळखत नसत. एका ड्रायव्हरनं मोठ्या मुश्किलीनं मोटार पुढे काढली आणि डोकं बाहेर काढून विचारलं, "का जी, जंगलाचा ठेका घेतला काय?" भाटव्यांनी त्यालाही सल्ला दिला. "बिरेकपेक्षा फांदी बरी! बिरेक तुटते, फांदी झिजते!"

पण हे सगळं म्हणजे तयारी. खरं प्रकरण होतं चिखलदऱ्याचा घाट. परतवाडा सोडलं की सातपुडा सुरू होतो आणि रस्ता वळणं घेत वर जातो. त्या काळी मोटारीसुद्धा मध्ये थांबून पाणी पीत. हा घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत सायकलवरून, एकदाही पाय जमिनीला न टेकवता चढायचा, हा भाटव्यांचा संकल्प. नियम त्यांनीच केलेले, त्यामुळे त्यात दयामाया नव्हती. पाय टेकला की त्या वर्षीची चढाई संपली; तिथूनच मागे फिरायचं, वर जायचं नाही. अख्खं वऱ्हाड चिखलदऱ्याला थंड हवा खायला जातं आणि घाटात आयुष्य घालवलेल्या या माणसानं चिखलदरा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता! "मोटारीनं एकदा जाऊन या की," असं ताईनं म्हटलं तर ते म्हणत, "मोटारीनं पाह्यलं त पाह्यलं म्हनते का?" जिथे पाय टेके तिथे ते दगडांची एक लहानशी रास रचून येत. पुढच्या वर्षी त्या राशीच्या पुढे जायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मुहूर्तही ठरलेला. पाडव्याला जावई सासुरवाडीला जेवायला येणार, साखरेची गाठी घेणार. ती गाठी हँडलला बांधून दुसऱ्या दिवशी परतवाड्याला मुक्कामाला जाणार आणि तिसऱ्या दिवशी उजाडता घाटाला लागणार. वऱ्हाड मध्यप्रदेशात होतं तेव्हा त्यांच्या राशी पहिल्या दोन-तीन वळणांतच होत्या. मुंबई राज्यात गेलो तोवर त्या घाटाच्या कमरेपर्यंत पोचल्या. महाराष्ट्र झाला त्या साली दोनच वळणं राहिली. बाबा म्हणाले, "जवाईबुवा वर पोचेपर्यंत आखीन एक-दोन राज्यं बदलतीन."

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. फाल्गुनात माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं आणि लग्न वैशाखात होतं. मुलगी अकोल्याची. ती मला पसंत होती, इतकी की कचेरीत बसल्या बसल्या मी अकोल्याच्या गाड्यांच्या वेळा पाठ केल्या होत्या. पण तिचे वडील प्रकृतीच्या बाबतीत फार चौकस. साक्षगंधाआधी त्यांनी माझी झोप, माझे दात, माझा चष्मा, सगळ्यांची चौकशी करवली, बैल घेताना करतात तशी. आणि आमच्या भागातलं लोकांचं तोंड तर विचारू नका. आमच्याच गल्लीतल्या एका मुलाला कुणाच्या लग्नाच्या पंगतीत घेरी आली. सकाळी ती घेरी होती, संध्याकाळी तिचं फेफरं झालं आणि आठवड्याच्या आत त्याचं साक्षगंध मोडलं. त्याला पुन्हा मुलगी मिळायला सहा वर्षं लागली.

पाडव्याच्या जेवणात मी नेहमीप्रमाणे भाटव्यांची चेष्टा चालवली होती. त्या भरात बोलून गेलो, "त्यात काय, भाऊजी? मीसुद्धा येतो यंदा." मला वाटलं होतं, सगळे हसतील आणि पुढची पोळी येईल. पण भाटवे हसले नाहीत. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला माझे शब्द मागे घेता येईनात. इतक्या वर्षांत त्यांच्याबरोबर येतो असं कुणी म्हटलं नव्हतं. माय म्हणाली, "लगनाचा पोरगा हाये जी, उन्हातान्हात कायले नेता?" भाटवे म्हणाले, "मी हाये न संगं." जावई बोलले, विषय संपला.

परतवाड्याहून पहाटे निघताना त्यांनी मला एक गाठोडं दिलं. त्यात गूळ, फुटाणे, दोन भाकरी आणि शेंदूरजना घाटची चार संत्री होती. "भूक लागाच्या आधी," ते म्हणाले. मी मान डोलवली, ते पुढे झाले आणि ज्यांच्याकडे मुक्काम होता त्यांच्या ओट्यावर मी ते गाठोडं ठेवून दिलं. सायकल हलकी पाहिजे, हे त्यांचंच तत्त्व ना! अर्धा कप चहा पोटात होता, तो मला पुरेसा वाटला. घाट लागला. दुसऱ्या वळणालाच मी उतरून सायकल ढकलायला लागलो, कारण माझा कसलाच संकल्प नव्हता. भाटव्यांच्या त्या भाकरीएवढ्या चक्रामुळे त्यांचा वेग माझ्या चालण्याइतकाच होता. मी वीस-पंचवीस पावलं मागे, ते पुढे. मोहाची फुलं रस्त्यावर पडलेली, सगळीकडे तो गोड, डोकं जड करणारा वास. एकेक रास आली की ते मागे न पाहता ओरडत, "हा खोकल्याचा दगड! गेला!" पुढच्या वळणावर, "हा चेन तुटली तो! गेला!" मग, "हा तुह्या भाचीच्या बारशाचा! गेला!" मी प्रत्येक वेळी मागून शेरा मारत होतो. शेवटची रास मागे पडली तेव्हा मात्र ते काही बोलले नाहीत. माझ्या आयुष्यात भाटव्यांना गप्प मी प्रथमच ऐकलं. त्यांची पाठ घामानं काळी झाली होती. सायकल डावी-उजवी होत होती, पण चालत होती. मोहाची टोपली घेऊन खाली येणारी एक कोरकू बाई रस्त्याच्या कडेला सरली आणि तिनं हातानं "चला, चला" अशी खूण केली. शेवटचं वळण संपलं आणि रस्त्याच्या टोकाला, जिथे चढ सपाट होतो, तिथे नुसतं आभाळ दिसायला लागलं.

तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सायकल हातातून सुटून दगडांवर आदळली, तो आवाज मी ऐकला आणि पुढचं मला काही ठाऊक नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा माझं डोकं भाटव्यांच्या मांडीवर होतं. ते एका हातानं आपल्या पिशवीतलं संत्रं माझ्या तोंडात पिळत होते आणि दुसऱ्या हातानं फोडलेला कांदा नाकाला लावत होते. थोडं पलीकडे त्यांची सायकल रस्त्यात आडवी पडली होती. मला कळायला वेळ लागला आणि कळलं तेव्हा मला पुन्हा घेरी येईल असं वाटलं. ते उतरले होते. पाय टेकला होता. एक मिनिटभर ते तसेच पुढे गेले असते, माथ्याला चाक लावून परत आले असते, तरी मी काही मेलो नसतो. मी विचारलं, "काहून उतरले, भाऊजी?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "तू पडला न बे," ते म्हणाले.

वरच्या बाजूनं मोटारीचा भोंगा ऐकू आला. चिखलदऱ्याहून खाली येणारी सकाळची मोटार. भाटव्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे, आणि त्यांना जे सुचलं ते या माणसाला सुचेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. त्यांनी मला बखोटीला धरून उचललं, रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्याला टेकवून बसवलं, अर्धं संत्रं माझ्या हातात कोंबलं, आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध हातपाय पसरून उताणे पडले. "माह्या तोंडात पिय," ते डोळे मिटून म्हणाले. "अन् काई बोलू नोको." मोटार वळली आणि थांबली. माणसं उतरली. त्यांत अकोल्याच्या दाणाबाजारातले एक अडते निघाले, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या रोजच्या बैठकीतले. दुसरं कुणीही चाललं असतं! "कोन पडलं? काय झालं?" त्यांनी विचारलं. भाटवे कण्हले. "चक्कर आली, बापा. दम भरला. वय झालं आता." हा माणूस त्या वेळी जेमतेम चाळिशीचा होता आणि त्याच्या छातीचा भाता जिनाच्या इंजिनाला हसत होता. मी त्यांच्या तोंडात संत्रं पिळत होतो. अडते म्हणाले, "पोरगं संगं होतं म्हून वाचले. शाबास, पोट्ट्या." त्यांनी माझी पाठ थोपटली. भाटव्यांनी एक डोळा किंचित उघडून ती थोपटलेली पाहिली आणि पुन्हा मिटला.

मोटार गेल्यावर ते उठले, अंगावरची माती झटकली आणि सायकल खालच्या दिशेला फिरवली. नियम म्हणजे नियम. मला चालवत होतं का ते पाहायला म्हणून मी माथ्यापर्यंत जाऊन आलो. ज्या जागी त्यांची सायकल पडली होती तिथून मी पावलं मोजली. चाळीस भरली. खाली आलो तर ते राशीसाठी दगड गोळा करत होते. "कसं हाये वर?" त्यांनी विचारलं. "सपाट हाये," मी म्हणालो. ते हसले. मग फांदी शोधायला जाता जाता म्हणाले, "लगन होईपर्यंत गप राय. मंग पाहू."

ती बातमी आमच्याआधी अकोल्याला पोचली. भाटवे घाटात आडवे झाले, साळ्यानं जीव वाचवला. सासरे खूश. अमरावतीला बाबांनी तर तोंड भरून टोमणे मारून घेतले, कारण हरलेल्या जावयाला बोलायची संधी सासऱ्याला जन्मात एकदाच मिळते. जिनातल्या लोकांनी भाटव्यांना महिनाभर संत्री आणून दिली. पण ताईला हसू आलं नाही. तिनं त्यांचा हात धाकट्या मुलीच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली की पुन्हा घाटाचं नाव काढणार नाही. भाटव्यांनी शपथ घेतली. खरं सांगता येत नव्हतं, तेव्हा न घेऊन करणार काय? माझं लग्न थाटात झालं. पंगतीत लोक त्यांना विचारत, "काय जवाईबुवा, हाये काय दम?" ते मोठ्यानं हसत आणि वाढप्यालासुद्धा नाकानं श्वास घ्यायला सांगत. मी काय करत होतो? मी त्या हसण्यात सामील होतो. बायकोला ती हकीकत मी पहिल्या महिन्यातच सांगितली, आणि ती इतक्या कौतुकानं ऐकत होती की मी त्यांना पाठीवर घेऊन पाव कोस चाललो, हा तपशील मी जागच्या जागी त्यात घातला. पुढे पुढे तो अर्धा कोस झाला.

लग्न झालं होतं. दोन मुलं झाली होती. आता कुणी साक्षगंध मोडणार नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या एका वाक्यात माझा सगळा मोठेपणा जाणार होता, आणि भाटव्यांनी ते वाक्य कधी मागितलं नाही. दर पाडव्याला ते येत, आता आगगाडीनं बडनेऱ्यापर्यंत आणि पुढे मोटारीनं, धोतर-कोटात, मायला हवा होता तसा जावई होऊन. सायकल जिनात जाण्यायेण्यापुरती उरली होती. पुरणपोळी ताटात पडली की ते एकदा माझ्याकडे बघत आणि म्हणत, "यंदा ऊन कमी हाये, नाई का बे?" किंवा, "वारा यंदा पाठीचा हाये." ते हवापाण्याबद्दल बोलत नव्हते, हे त्या पंगतीत फक्त मला कळत होतं. आणि मी दर वर्षी मान खाली घालून मायला तूप मागत होतो.

गेल्या पावसाळ्यात भाटवे गेले. चार दिवसांचा ताप, काही कळायच्या आत. शेवटच्या दिवशी दवाखान्यातल्या कंपौंडरला ते नाकानं श्वास घ्यायला सांगत होते म्हणे. तेरवी आटोपून माणसं पांगली आणि महिन्याभरानं मी एकटा अकोल्याला गेलो. ताई ओसरीत तूर निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, गाठोडं ओट्यावर ठेवलं तिथपासून. मला वाटलं ती रडेल, किंवा मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

"लगन झाल्यावर तरी सांगाचं होतं बे," ती म्हणाली. "मी कायले अडवलं असतं त्याईले? मीच गाठी बांधून देली असती."

एवढं बोलून ती उठली आणि माझ्यासाठी ताट वाढायला लागली. मी जेवलो, कारण बहिणीच्या घरून उपाशी उठता येत नाही. पण भाटव्यांची इतकी आठवण मला त्यांच्या तेरवीलाही आली नव्हती.